नक्षत्राचा पाऊस, निकषाचा पाऊस

पावसाच्या नक्षत्रांना वाहनं असतात, हे आता शहरातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. सूर्य मृगात शिरला, वाहन कोल्हा. आर्द्रात शिरला, वाहन मोर. असं पंचांगात दरवर्षी छापून येतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस बक्कळ. गाढव नाहीतर उंदीर आला की कपाळाला हात. माझे थोरले चुलते, सगळ्या भावकीचे अप्पा, हे वाहन पारावर बसल्या बसल्या काढायचे. सूर्य नक्षत्र बदलतो त्या दिवशी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते धरायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत बोटांवर मोजायचं आणि नवानं भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीन उरले तर बेडूक. काहीच उरलं नाही तर हत्ती. ज्याला भागाकार येतो त्याला हे भविष्य येतं.

गंमत अशी, की अप्पांनी वाहनाच्या भरवशावर कधी तिफण जुंपली नाही. हत्ती आला म्हणून ते घाईनं पेरायचे नाहीत आणि गाढव आलं म्हणून थांबायचे नाहीत. पेरणी व्हायची ती वापशावर. रानातली मूठभर माती उचलून दाबायची. हाताला चिकटली तर आणखी दोन दिवस कळ काढायची. गोळा झाला आणि टिचकी मारताच विस्कटला तर वापसा आला. वाहनं ही त्यांच्या लेखी निव्वळ करमणूक होती. नक्षत्रांचं तसं नव्हतं. मिरग, आडदरा, तरणा, म्हातारा, आसळका, मगा, पुरवा, उतरा, हत्ती ही नावं ते ज्या क्रमानं म्हणायचे, त्या क्रमात कित्येक पिढ्यांचं पाहणं साठलेलं होतं. कुठल्या पंधरवड्यात काय पेरायचं, कधी कोळपायचं, कधी पाऊस दडी मारणार आणि तरी घाबरायचं नाही, हे सगळं त्या नावांना चिकटलेलं होतं. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हे येत होतं.

आमचं गाव सीनेच्या काठाला. सीना अहिल्यानगरकडून येते आणि काही अंतर दोन जिल्ह्यांची शीव होऊन वाहते. एका काठाला सोलापूरचे करमाळा-माढा, दुसऱ्या काठाला धाराशिवचा परंडा. पुढे मोहोळ तालुक्यातून खाली उतरून ती हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. त्या संगमावरच्या देवळात शके ९४० चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. इतकी जुनी मराठी जिच्या काठाला सापडली, त्या नदीच्या पात्रात एरवी वाळू आणि वेड्या बाभळीच जास्त दिसतात. आमच्या लहानपणी नदीवर जाणं म्हणजे झरा उकरायला जाणं.

हा पर्जन्यछायेचा मुलूख. कोकणासारखा जून-जुलैत इथं पाऊस कोसळत नाही. मृगात तो चाहूल देतो, तरण्या-म्हाताऱ्यात भुरभुरतो, मघा-पूर्वात बऱ्याचदा दडी मारतो आणि उत्तरा-हस्तात खऱ्या अर्थानं पडतो. सप्टेंबर हा आमचा भरवशाचा महिना. त्या पावसावर रब्बीची ज्वारी उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ही याच पावसाची लेक. सप्टेंबरात जमिनीनं पाणी पिऊन ठेवायचं आणि मग थंडीच्या दवावर, एकाही सरीविना, माणसाच्या उंचीचं पीक यायचं. काळ्या जमिनीची ही करामत बघितली नसेल त्यानं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, एखाद्या रानात आंबिल प्यायला जावं. तेव्हा उत्तराचा पाऊस हा आमच्याकडे भीतीचा विषय कधीच नव्हता. तो नवसाचा पाऊस होता. मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे घडलं ते याच पावसात घडलं.

त्याआधी आभाळाच्या गणिताबद्दल थोडं. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तो दिवस आपण ७ किंवा ८ जून धरतो. ही तारीखही कायमची नाही. पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे डुलत असल्यामुळे नक्षत्रं आणि ऋतू यांची सांगड सुटत जाते, साधारण बहात्तर वर्षांत एका दिवसानं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळचा मृग ऋतूच्या हिशेबात आजच्यापेक्षा चारपाच दिवस अलीकडे होता. हे सरकणं कुणा शेतकऱ्याच्या लक्षात आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. पावसाच्या आगमनातच आठवड्याभराचा खेळ असतो. त्यात बहात्तर वर्षांतला एक दिवस कुठं दिसणार? जे पंचांग शेकडो वर्षांत पाचएक दिवसांनी चुकतं त्याला चुकीचं म्हणण्यात अर्थ नाही.

आता दुसरं पंचांग बघा. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं, म्हणून पुणेकर आजही तिला सिमला ऑफिस म्हणतात. रिक्षावाल्याला वेधशाळा म्हटलं तर तो एकदा वळून बघेल, सिमला ऑफिस म्हटलं की नीट नेईल. या खात्यानं २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं जाहीर केल्या. मुंबईत मान्सून येण्याची तारीख १० जून होती ती ११ झाली. एवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. नऊ दिवस! नक्षत्रांना इतकं सरकायला साडेसहा शतकं लागली असती. बातमी आली, वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापली गेली, आणि आपण पुढच्या पानाकडे वळलो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ती सर्वांत मोठी शेतीविषयक बातमी होती. सोयाबीनची काढणी, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, ज्वारीची पेर, सगळं त्या नऊ दिवसांत येतं.

सोयाबीन आमच्या भागात अलीकडं आलं. अप्पांच्या काळी खरिपात बाजरी, तूर, मूग, उडीद आणि रब्बीत ज्वारी असे. पीक विभागलेलं, त्यामुळे नुकसानही विभागलेलं. सोयाबीन नव्वद-शंभर दिवसांत हाती पैसा देतं, म्हणून सगळा शिवार एका पिकाखाली गेला. ते काढणीला येतं नेमकं सप्टेंबरअखेरीला, आणि काढणीच्या वेळी पाऊस लागला तर झाडावरच्या शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो. जो पाऊस ज्वारीला वरदान, तोच सोयाबीनला काळ. दोष पावसाला द्यायचा की पिकाला, हा वाद आमच्या पारावर रंगतो. माझं मत विचाराल तर दोष बाजाराला द्यावा. ज्वारीला तो भाव देत नाही आणि बाईमाणसाची काढणीची मजुरीही परवडू देत नाही.

पावसाचं बिनसलंय ही कुणकुण आम्हाला पहिल्यांदा पावसाळ्यात लागली नाही. ती लागली २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपीट झाली. गारा आम्हाला नवीन नाहीत. वळवात एखाद्या संध्याकाळी पडतात, पोरं वेचून खातात. त्या वर्षी दिवसामागून दिवस, आज या तालुक्यात तर उद्या त्या तालुक्यात, अशा त्या पडत राहिल्या. हरभरा घाट्यात होता, ज्वारी कणसात होती, द्राक्षं उतरायला आली होती. बागेत वेलीखाली गारांचा थर आणि त्यावर मणी. अप्पा तेव्हा होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कुणीतरी सवयीनं त्यांना विचारलं, अप्पा, औंदा मिरग कसाय? ते म्हणाले, "मला इचारू नका आता. त्या टीव्हीला इचारा." राग नव्हता त्यात. वयस्क वैद्य नाडी सोडून देतो तसे ते बोलले, आणि त्यानंतर त्यांनी वाहनसुद्धा काढलं नाही.

मग दोन वर्षांत दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, जलदूत नावाची गाडी, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. बाहत्तरच्या दुष्काळात अप्पांनी खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. त्यांचं म्हणणं, बाहत्तरला धान्य नव्हतं, पण विहिरी कुठंकुठं साथ देत होत्या. आता दुकानात धान्य आहे आणि प्यायला पाणी नाही. यात बोअरवेलचा वाटा मोठा, हे ते सांगायचे नाहीत. कारण आमच्या रानातही बोअर होतेच.

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. त्या वर्षी राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्याकडचे करमाळा आणि माढा होते. आणि गंमत पुन्हा बघा: त्या वर्षीचा देशाचा एकूण मान्सून सरासरीच्या ९४ टक्के होता. कागदावर सहा टक्क्यांची तूट. पिकाला सरासरी पिता येत नाही. त्याला ऑगस्टात पाणी लागतं तर ऑगस्टातच लागतं. जुलैचं आणि सप्टेंबरचं मिळून दोननं भागलेलं चालत नाही.

विज्ञानाचं म्हणणं गुंतागुंतीचं असलं तरी त्यातला गाभा समजायला सोपा आहे. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे पाऊस पडायला वेळ लागतो, आणि पडतो तेव्हा पुष्कळ पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केंद्र सरकारसाठी २०२० मध्ये एक मोठा अहवाल तयार केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, उष्णदेशीय हिंदी महासागराचं पाणी १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एका अंशानं तापलं, आणि त्याच काळात मान्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. पाऊस घटला, समुद्र तापला. याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून जवळपास तिप्पट झाल्या, आणि त्यांना लागणारं बाष्प मुख्यतः अरबी समुद्रातून येतं. एकूण कमी आणि एकदम जास्त: अप्पांनी टीव्हीकडे बोट दाखवून जे सोडून दिलं, त्याचा हा हिशेब आहे.

आता २०२५. मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत आणि पुण्यात. सूर्य रोहिणीत शिरून जेमतेम एक दिवस झाला होता. मृगाला अजून दोन आठवडे. त्या महिन्यात राज्यभर पाऊस पडत होता. शहरांतली नालेसफाई मेअखेरचा मुहूर्त धरून चाललेली, खेड्यात उन्हाळी कांदा उपटून रानात पसरलेला, लग्नांच्या तिथ्या शिल्लक, मांडव उभे. वहिनीच्या कुरडया गच्चीवर टाकल्या होत्या त्या चार दिवस वाळल्या नाहीत आणि पाचव्या दिवशी आंबल्या. वर्षाची बेगमी मेच्या उन्हावर असते. त्या उन्हाचा पंचनामा करायला कुठं जावं?

लवकर आला म्हणून लोक खूष होते, मीही होतो. पण मेच्या शेवटाला तो जो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकेना. कृषी खातं घसा कोरडा करून सांगत होतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मेमध्येच तेवढा झालेला होता की! मग पेरायचं की नाही? यूट्यूबवरच्या हवामानतज्ज्ञांचे यात चांगले दिवस आले. अमुक तारखेला अमुक जिल्ह्यात भाग बदलत पाऊस पडेल, हे वाक्य इतकं सोयीचं आहे, की ते कधी खोटं ठरत नाही. अप्पांच्या कोल्ह्या-मोरांत निदान भागाकाराची शिस्त होती.

इथं सुलोचना गाडगीळ यांची आठवण येते. मूळच्या पुण्याच्या, मान्सूनच्या मोठ्या अभ्यासक; त्या गेल्या त्या २०२५ च्याच जुलैत. समुद्र आणि ढग यांचा सिद्धान्त मांडणाऱ्या या बाई अनंतपूर भागातल्या भुईमूग शेतकऱ्यांमध्येही जाऊन बसल्या होत्या, प्रश्न होता पेरणी नेमकी कधी करावी. किती पाऊस पडणार यापेक्षा पीक कुठल्या अवस्थेत असताना तो पडणार किंवा तुटणार, याला महत्त्व आहे, आणि पेरणीची तारीख हातात असते तोवर काहीतरी हातात असतं, असा त्या कामाचा रोख. मला त्यात मृग-आर्द्राचंच शहाणपण आधुनिक आकडेमोडीत दिसतं. फरक एवढाच, की आकडेमोड दर काही वर्षांनी नव्यानं करता येते.

सप्टेंबरात पाऊस लागला. आधी बरं वाटलं. मग तो उघडेना. सीनेचं पाणलोट वर अहिल्यानगर-बीडकडे पसरलेलं. तिकडं पडलं की पाणी आमच्याकडे येतं, आमच्याकडे थेंब पडो न पडो. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. आमच्यात घट बसवायला रानातली काळी माती आणतात. पत्रावळीवर मातीचा थर, त्यात धान्यं पेरायची, मध्ये घट. त्या दिवसांत पुण्याहून मी फोन करत होतो, लागत नव्हता. लागला तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, औंदा घटाला माती आणाया रानात जावं लागलं न्हाई. रानच घरात आलंय." असं म्हणून ती हसली, आणि मग फोन नानाकडे, माझ्या भावाकडे, दिला.

त्या आठवड्यात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. परंडा तालुक्यात माणसांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. लांबोटीजवळ सीनेचं पाणी वाढल्यानं सोलापूर-पुणे महामार्गाची वाहतूक थांबवली. दोन वर्षांपूर्वी दुष्काळी जाहीर झालेल्या माढा-करमाळ्यात लोक पत्र्यांवर बसून बोटीची वाट बघत होते. दावणीची जनावरं ज्यांना सोडता आली त्यांनी सोडली. रात्रीच्या अंधारात ज्यांना दावं सापडलं नाही त्यांच्याबद्दल मी इथं लिहीत नाही.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. पुरानं पीक जातं हे मला माहीत होतं. रान जातं हे पहिल्यांदा पाहिलं. नदीकडच्या पट्ट्यात हातभर जाडीची काळी माती निघून गेलेली आणि खाली पिवळा मुरूम उघडा. जिथं आम्ही अनवाणी चालायचो तिथं बुटातून खडे टोचत होते. विहीर गाळानं काठोकाठ. ठिबकच्या नळ्या बाभळीला गुंडाळलेल्या. गंजीला लावलेलं सोयाबीन कुठं गेलं ते कळायला मार्ग नाही. जे उभं होतं ते काळं पडलेलं, शेंगांतून पांढरे कोंब बाहेर. वास तर सांगता येत नाही. आणि खालच्या अंगाला, तीन बांध सोडून, एका भावकीवाल्याच्या रानात तीच माती ढिगानं साचलेली. नाना म्हणाला, "माझीच हाय ती. वळखतो मी." त्या रानाचा मालक म्हणाला, "मग ने की उचलून. माझं पीक गाडलं तिनं, त्याचं कोण देणार?" दोघंही बरोबर होते आणि दोघांकडेही जेसीबीला पैसे नव्हते.

ही माती म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाचं पीठ. बोटभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. सरकारी भाषेत अशा रानाला खरडून गेलेली जमीन म्हणतात. ऑक्टोबरात राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामं अशी तरतूद होती. रक्कम पुरेशी की अपुरी यावर बरीच भाषणं झाली. माझी अडचण निराळी आहे. पैसे मिळाले तरी माती आणायची कुठून? तलावातला गाळ आणून पसरता येतो आणि लोक तो आणतील. पण गाळाची जमीन व्हायला, तिच्यात वापसा धरायची ताकद यायला वर्षं जातात. तोवर नानानं काय पेरायचं याचं उत्तर पॅकेजात असणं शक्य नव्हतं.

सगळं हवामानबदलावर ढकलणं मला पटत नाही. एकेका पुराच्या कपाळावर कारण लिहिलेलं नसतं. शिवाय आमच्या शिवारातले तीन ओढे मी लहानपणी ओलांडले आहेत. त्यातला एक आज उसाच्या फडात शोधावा लागतो. पात्रातली वाळू गेली, काठाची झाडी गेली, पूररेषेच्या आत पत्र्याचे गाळे उभे राहिले. अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना हवामानबदल हा शब्द फार आवडायला लागला आहे, कारण त्याच्यावर गुन्हा दाखल करता येत नाही. तरीही हे खरं, की ओढा बुजवणारे आम्ही आणि आभाळातून एका रात्रीत महिन्याचं पाणी ओतणारं तापलेलं वातावरण, या दोघांची गाठ पडल्याशिवाय असा पूर येत नाही. आपल्या हातात त्यातलं ओढ्याचं आहे. त्याला कुठल्या जागतिक परिषदेची परवानगी लागत नाही.

२७ सप्टेंबरला सूर्य हस्तात गेला. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मुलींनी पाटावर हत्ती काढून भोंडला केला. हस्ताचा पाऊस म्हणून हत्ती, हे एका आजींनी सांगितलं, मुलींनी ऐकलं, खिरापत ओळखून सगळ्या घरी गेल्या. मला त्यात वावगं वाटलं नाही. नक्षत्रांची नावं मुलींच्या तोंडी राहावीत. फक्त ती आता दिनदर्शिका म्हणून चालणार नाहीत, हे आपल्याला कळायला हवं, आणि त्यांच्या जागी दुसरी दिनदर्शिका यायला हवी.

ती येत नाही, अडचण तिथं आहे. वेळापत्रकं बदलायची आपली तयारी नाही. फळपीक विम्याचे करार तारखांवर चालतात: अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत इतके मिलिमीटर. आंब्याला, द्राक्षाला, केळीला, सगळ्यांना तारखांची कुंपणं. पाऊस कुंपणाच्या पलीकडं पडला तर तो पडलाच नाही. धरणं केव्हा किती भरून ठेवायची याची कोष्टकं जुन्या पावसावर बेतलेली. सप्टेंबरअखेर धरण काठोकाठ भरलेलं असणं हे एकेकाळी शहाणपण होतं. परतीचा पाऊस ऑक्टोबरात कोसळणार असेल तर ते शहाणपण राहत नाही.

आणि सर्वांत हट्टी आहे तो अतिवृष्टीचा निकष. आपल्या राज्यात महसूल मंडळातल्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. एका मंडळात कितीतरी गावं येतात. ढग एका गावावर फुटतो आणि पर्जन्यमापक दुसऱ्या गावात कोरडा उभा असतो. हे दुखणं जुनं आणि सर्वांना ठाऊक आहे. दुसरं दुखणं तितकं ठाऊक नाही. हवामानाच्या नोंदीत दिवस मोजला जातो तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. समजा पहाटे सहा ते साडेआठ ४० मिलिमीटर पडला आणि साडेआठ ते अकरा आणखी ४० पडला. पाच तासांत ८० मिलिमीटर. रान धुऊन गेलं. कागदावर मात्र काल ४०, आज ४०. दोन्ही दिवशी अतिवृष्टी नाही. पूर्वी संथ, दिवसभर चालणाऱ्या झडीसाठी ही मोजणी ठीक होती. आताचा पाऊस तासांत पडतो आणि आपण त्याला दिवसांत मोजतो.

माती तासाच्या पावसानं जाते. तेव्हा निकषही तासाचा हवा: सलग कुठल्याही तीन तासांत, सहा तासांत किती पडला, आणि घड्याळातल्या कुठल्याही सलग चोवीस तासांत किती. मंडळांतली स्वयंचलित केंद्रं दिवसरात्र नोंद घेत असतात, त्यामुळे त्यासाठी नवीन यंत्र बसवायची गरज नाही. निकष बदलत नाहीत असंही नाही. थोडाथोडा पण रोज पडून पीक सडवणारा 'सततचा पाऊस' हा आपत्तीत धरावा, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये घेतलाच होता. तेव्हा जमलं, तर हेही जमेल. आपापल्या आमदाराला, कृषी अधिकाऱ्याला, ग्रामसभेत हे विचारा. पुढच्या मृगाच्या आत विचारा. तोवर अतिवृष्टीचा आकडा आहे तोच आहे: २४ तास, ६५ मिलिमीटर, मोजणी सकाळी साडेआठला.